नसलेल्या माणसाचं वाक्य

राजाजीनगरातली ती वरची खोली मला मिळाली, ती एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही म्हणून.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी नागपूरहून बंगळुरात आले होते, एका संशोधन संस्थेत विकासाच्या अर्थशास्त्रावर प्रबंध लिहायला. खोलीची चौकशी करायला गेले तेव्हा घरमालक व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, पांढरी लुंगी, कानामागे पेन्सिल. मी कुठली, काय करते, हे त्यांनी विचारलंच नाही.

"कादंबऱ्या वाचता?"

म्हटलं, वाचते.

"शेवटची वाचलेली कुठली, ते नका सांगू. तिच्यातली माणसं स्वयंपाक कशावर करत होती, तेवढं सांगा."

मी विचारात पडले. नायिका अख्ख्या कादंबरीभर लोकांना चहा देत होती, पण तो चुलीवर उकळत होता की स्टोव्हवर, काही केल्या आठवेना. मी तसं सांगितलं.

"सरी, बरोबर," ते म्हणाले. "लेखकालाही माहीत नसणार. ठोकून दिलं नाहीत हे बरं केलंत. सामान कधी आणताय?"

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. अण्णा सीमेवरच्या एका तालुक्यातले. घरात मराठी, शाळेत कानडी, कचेरीत इंग्रजी, आणि रागावले की तिन्ही. सरकारी खात्यात पाहणी अधिकारी म्हणून त्यांचं आयुष्य गेलं होतं. जिथे धरण किंवा कारखाना व्हायचा असेल तिथे आधी जायचं, माणसं-गुरं-झाडं मोजायची, लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. आता ते फक्त कादंबऱ्या वाचत.

नुसतं वाचत नसत, त्यांची तपासणी करत. दिवाणखान्यात भिंतभर कपाटं होती आणि फळ्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या: पाटबंधारे, महसूल, वनखातं, उद्योग, आरोग्य. मला वाटलं जुने अहवाल असतील. काढून बघते तर सगळ्या कादंबऱ्या. मराठी, कानडी, इंग्रजी, बंगालीतून भाषांतर झालेल्या, आफ्रिकेतल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या. जिच्यात कालवा आला ती पाटबंधाऱ्यात, जिच्यात हिवताप आला ती आरोग्यात. प्रेमकथांनाही सूट नव्हती. "नायक-नायिका भेटतात कुठं? गिरणीच्या फाटकाशी. मग उद्योगखातं."

सगळ्यात खाली, जमिनीलगतच्या फळीवर, जाडजूड सरकारी खंड होते. योजनांचे मसुदे, पाहण्यांचे अहवाल, इंग्रजांच्या काळातली गॅझेटियरं. त्या फळीवरची चिठ्ठी होती: कल्पित.

"हे उलटं लागलंय," मी म्हणाले.

"उलटं कसं? कादंबरीवाला पहिल्याच पानावर कबूल करतो, ह्यातली पात्रं काल्पनिक आहेत म्हणून. आमच्या खात्यानं कधी कबूल केलंय?"

मी तेव्हा नव्यानं शिकलेल्या शब्दांच्या धुंदीत होते. बोलता बोलता 'वसाहतोत्तर राज्यसंस्था' असं काहीतरी म्हणायची. अण्णा शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "स्वल्प मराठीत सांगा." एकदा मी सांगितलं की गोरा साहेब गेल्यावर ह्या देशांनी स्वतःला कसं उभारलं, कोणाच्या जिवावर उभारलं, त्याचा हा विचार आहे. त्यावर ते उठले, खालच्या फळीतून एक गॅझेटियर काढलं आणि शेजारी स्वातंत्र्यानंतरचा एक अहवाल ठेवला. दोन्हींत एकाच खोऱ्याचं वर्णन होतं. दोघांचं पहिलं वाक्य जवळपास एकच: इथे पूर्वी पडीक माळाखेरीज काही नव्हतं.

"साहेब गेला, पण पहिलं वाक्य इथंच ठेवून गेला. 'काहीच नव्हतं.' धरण असो, कारखाना असो, नवी वसाहत असो, सुरुवात हीच. कादंबरी निदान 'एक घर होतं' म्हणून तरी सुरू होते."

रविवारी ते फिरायला निघत तेही ह्याच वाक्याच्या मागावर. दोन बस बदलून शहराच्या कडेला जायचं, जिथे नवं बांधकाम चाललंय तिथे. मी दोन-तीनदा गेले त्यांच्याबरोबर. एचएसआर लेआउट तेव्हा बहुतेक ठिकाणी नंबर घातलेले दगड आणि त्यांच्यामधून चरणाऱ्या म्हशी एवढंच होतं. व्हाइटफील्डकडे काचेच्या इमारतींचे पाये खणले जात होते. अण्णा शहाळेवाल्यासमोर, नाहीतर भाजीवालीसमोर उभे राहून कानडीत एकच प्रश्न विचारत, "इथं आधी काय होतं?" कोणी सांगे नाचणी, कोणी सांगे तळं. एक पेरूवाली म्हणाली, "आमचं घर," आणि पेरू निवडत राहिली. अण्णा सगळं डायरीत उतरून घेत. घरी येताना बसमध्ये मनासारखी भाजी मिळालेल्या माणसासारखे खुशीत असत.

"वीस वर्षांनी इथं राहायला आलेला म्हणेल, इथं आधी काहीच नव्हतं," ते म्हणत. "त्याची काय चूक? त्याला सांगणारा लेखक अजून जन्माला यायचाय."

त्यांचे काही सिद्धांत पक्के होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत कादंबरीतला इंजिनियर अविवाहित आणि देखणा असतो. नंतर त्याचं लग्न होतं आणि तो लाच खायला लागतो. "आता तो अमेरिकेत आहे. कादंबरीत त्याची फक्त पत्रं येतात." मी हसले की ते म्हणत, "हसू नका, देशाचा इतिहास आहे हा. तुमचा प्रबंध तीनशे पानांत सांगेल, हा माणूस तीन पत्रांत सांगतो."

एकदा शहरातल्या मराठी मंडळींनी पुण्याच्या एका कादंबरीकाराचं भाषण ठेवलं होतं. धरणाखाली जाणाऱ्या गावावरची त्यांची कादंबरी तेव्हा गाजत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर अण्णा उभे राहिले.

"तुमच्या कादंबरीत गाव एका रात्रीत बुडतं. तसं होत नाही. पहिल्या वर्षी पाणी गुडघाभर येतं आणि परत जातं. लोकांना वाटतं, गेलं. ते पुन्हा पेरतात. दुसऱ्या वर्षी उभ्या पिकात येतं. दरवेळी माणसं थोडी वर सरकतात, घराचे वासे काढून नेतात, परत आणतात. पाच-सहा वर्षं चालतं हे. ती वर्षं तुमच्या पुस्तकात कुठं आहेत?"

पाहुणे जरा नाराज झाले. "अहो, ही कादंबरी आहे. अहवाल नाही."

"म्हणून तर विचारतोय," अण्णा म्हणाले. "अहवालाला मी विचारलंच नसतं."

सभेत हशा झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कादंबरीकार रिक्षा करून राजाजीनगरला आले. अक्कांनी त्यांच्यासमोर डोशांची ताटली ठेवली. तीन तास ते अण्णांना प्रश्न विचारत होते आणि लिहून घेत होते. जाताना त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः का लिहीत नाही?"

"माझं एकच पुस्तक छापलं गेलं," अण्णा म्हणाले. "तेही सरकारी छापखान्यात."

आम्ही सगळे हसलो. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत, हे मला नंतर आठवलं.

माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय 'लोकसहभाग' ह्या विषयावर होता आणि तो एका अहवालावर उभा होता. साठीच्या दशकातला, उत्तर कर्नाटकातल्या एका धरणाचा पाहणी अहवाल. बाकी अहवाल आकड्यांचे आणि कोरडे. ह्यात मात्र एक बुडणारं गाव जिवंत उभं केलेलं होतं. कडुलिंबाखालची बैठक, गावकऱ्यांची कुजबुज, आणि मग बसलिंगप्पा नावाचा म्हातारा शेतकरी उठून म्हणतो, "देशाच्या घरात दिवा लागणार असेल, तर माझ्या घरातला दिवा मी विझवतो." हे वाक्य पुढे अनेक भाषणांत आलं, खात्याच्या पत्रकांत आलं. माझ्या मार्गदर्शकांना ते फार आवडलं होतं. नव्या राष्ट्राच्या स्वप्नात सामान्य माणूस असा मनानं सामील होता, पुढे राज्यसंस्थेनं त्याला फसवलं, असा माझा मुद्दा होता.

अध्यायाचा कच्चा खर्डा मी अण्णांना दिला, तो गावांची कानडी नावं तपासायला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर आले. अक्का सांडगे घालत होत्या, मी त्यांना मदत करत होते. अण्णांच्या हातात एकच पान होतं.

"हा बसलिंगप्पा," ते म्हणाले, "हा कुठं सापडला तुम्हाला?"

मी अहवालाचं नाव सांगितलं.

"तो मी लिहिलाय." ते म्हणाले, "आणि बसलिंगप्पाही मीच लिहिलाय. असा माणूस नव्हता."

मला आधी वाटलं ते गंमत करताहेत. मग त्यांनी कठड्याला टेकून सगळं सांगितलं. तेव्हा पस्तिशीचे होते. मासिकांत दोन-तीन कथा छापून आल्या होत्या, पुढे मोठा लेखक व्हायचं होतं. त्या गावची पाहणी करायला निघाले तेव्हा नदीला पूर होता, नाव बंद. अकरा दिवस ते अलीकडच्या काठावर डाकबंगल्यात अडकून पडले. वरून तारा येत होत्या, अहवाल पाठवा. आकडे तलाठ्याच्या दप्तरातून मिळाले. लोकांचं म्हणणं कुठून आणणार? खिडकीतून पलीकडच्या काठावर एक कडुलिंब दिसायचा. त्यांनी त्याच्याखाली माणसं बसवली.

"चांगलं लिहून झालं," अण्णा म्हणाले. "आयुष्यात तेवढं चांगलं कधी लिहिलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. बढती मिळाली. आणि त्यानंतर कथा लिहायला बसलो की बसलिंगप्पा येऊन समोर बसायचा. लिहिणं सुटलं ते सुटलंच."

"पण माझा अध्याय, अण्णा," मी म्हणाले. मला त्या क्षणी तेवढंच सुचलं, त्याची आजही लाज वाटते.

"काढून टाका तो. नसलेल्या माणसाला बोलायला लावलं, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. पण तुम्ही तरी खरं लिहा."

मी म्हटलं, मग मला त्या गावी जायला हवं. धरणानंतर ते जिथे वसवलं तिथे जाऊन, लोक खरं काय म्हणाले होते ते विचारायला हवं. तुम्ही बरोबर चला. त्यावर ते खाली निघून गेले. महिनाभर हा विषय निघाला की त्यांची पाठ दुखायची, नाहीतर कुठलं तरी पुस्तक संपवायचं राहिलेलं असायचं. शेवटी एका सकाळी अक्कांनीच त्यांची पिशवी भरून व्हरांड्यात आणून ठेवली. अक्का फार कमी बोलत आणि बहुतेक कानडीत बोलत. त्या दिवशी माझ्यासमोर मराठीत म्हणाल्या, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांत चुका शोधतायत. एकदा जाऊन या म्हणावं."

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून बस धरून आम्ही निघालो. एक रात्र बसमध्ये, मग सकाळी तालुक्याच्या गावाहून दुसरी बस, मग दोन मैल पायी. नवं गाव माळावर होतं. सरळ रेघेतल्या गल्ल्या, घरांवर नंबर, झाड क्वचित. भाग सीमेचा, लोकांना दोन्ही भाषा येत. पहिल्याच घरात आम्ही बसलिंगप्पांची चौकशी केली, तेव्हा तिथल्या माणसानं चमकून आमच्याकडे पाहिलं आणि शेवटच्या गल्लीकडे बोट दाखवलं. "त्या घरी जावा."

जो माणूस अण्णांनी स्वतः बनवला होता, त्याचं घर आम्हाला दाखवलं गेलं होतं.

त्या घरात गौरव्वा नावाच्या बाई होत्या. साठीच्या, उंच, एकट्याच राहणाऱ्या. अंगणात ज्वारी पाखडत होत्या. बसलिंगप्पा हे नाव ऐकताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नव्हतं बगा तसं कुणी. ह्या गावात त्या नावाचं कुणी जन्मालाच आलं नाही."

"मग लोक तुमचं घर का दाखवतात?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पायाभरणीच्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांना त्या त्यागी म्हाताऱ्याच्या गळ्यात हार घालायचा होता. कचेरीतली माणसं गावात शोधत आली. बसलिंगप्पा कुठंच सापडेना. वेळ थोडा होता. तेव्हा त्यांनी गौरव्वांच्या सासऱ्यांना, मल्लप्पांना, बसलिंगप्पा म्हणून गाडीत बसवून नेलं. मल्लप्पांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या आणि उंची चांगली होती.

"मामांना वाटलं जमिनीचा कागद देतायत," गौरव्वा म्हणाल्या. त्या भागात सासऱ्याला मामा म्हणतात. "हार घातला, फोटू काढला. भाषणात सांगितलं की ह्या माणसानं गावाच्या वतीनं हो म्हटलं. गाव समोर बसलं होतं. सगळ्यांनी ऐकलं."

"मग?"

"मग काय. त्या दिवसापासनं ह्या घरचं पाणी कुणी प्यालं नाही. गाव विकलं म्हणाले. मामा सांगून सांगून थकलं, मी काही बोललो नाही म्हणून. पण कागदात छापून आलं होतं की. छापलेलं खोटं कसं असेल? नव्या गावात घरं वाटली तेव्हाही आमच्या शेजारी घर नको म्हणून दोन कुटुंबांनी अर्ज दिला. मामा मेलं तेव्हा खांद्याला माणसं दुसऱ्या गावातनं आणली."

मी अण्णांकडे पाहिलं. ते ओसरीच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. 'कुणाचं काही बिघडलं नाही' हे वाक्य त्यांनी तीस वर्षं मनाशी म्हटलं असणार.

"गौरव्वा," ते म्हणाले, "ते छापलेलं मी लिहिलं. मी गावात आलोच नव्हतो. पलीकडच्या काठावर बसून मनानं लिहिलं."

गौरव्वांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ह्या ओरडतील, निदान बाहेर काढतील. त्यांनी सूप उचललं आणि पुन्हा ज्वारी पाखडायला घेतली. फोलकटं उडत होती, आमच्या अंगावर येत होती. सगळी ज्वारी पाखडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. त्यांना सांगा."

त्या दुपारी, ऊन कलल्यावर, देवळाच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं जमली. बहुतेक म्हातारी, काही तरुण उत्सुकतेनं आलेले. माझ्याजवळ अहवालाची झेरॉक्स होती. अण्णांनी ती घेतली आणि बसलिंगप्पाचं पान आधी इंग्रजीत, मग कानडीत, मग मराठीत वाचलं. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "हे मी लिहिलं. नदीला पूर होता, मी आलो नाही. बसलिंगप्पा नव्हता. मल्लप्पा ह्यातला एक शब्दही बोलले नाहीत."

मग एक तरुण उठला आणि म्हणाला, "आता येऊन सांगता? माणूस मेल्यावर?" आणि चपला घालून निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. अण्णांनी मान हलवली, जणू त्यांचं बरोबरच आहे.

खांबाला टेकून एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते. ते मल्लप्पांच्या बरोबरीचे, एकाच मोटेवर दोघांनी काम केलेलं, असं मला मागाहून कळलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मल्लू बोललाच नाही?"

"नाही."

"मला तो म्हणाला होता, मी बोललो नाही. मारुतीवर हात ठेवून म्हणाला होता." त्यांनी काठी टेकली आणि उठले. आम्हाला वाटलं तेही घरी चाललेत. पण ते शेवटच्या गल्लीकडे वळले. वाट जवळची नव्हती, त्यांना तीनदा थांबावं लागलं. काही माणसं अंतर ठेवून मागून निघाली, आम्हीही. गौरव्वा दारात उभ्या होत्या.

"पाणी दे," म्हातारे म्हणाले.

गौरव्वा हलल्या नाहीत. एवढी वर्षं हे सोसलेली ती बाई क्षणभर दार लावून घेईल असंच मला वाटलं, आणि लावलं असतं तरी मी तिला चुकीचं म्हटलं नसतं. मग त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या, पण हातात दिला नाही. ओसरीवर घोंगडी टाकली आणि म्हणाल्या, "बसून प्या."

ते बसले आणि प्याले. मागून आलेल्यांपैकी आणखी एक बाई प्यायली. बाकीचे बघत उभे राहिले आणि हळूहळू पांगले. सगळं गाव काही एका दिवसात बदललं नाही.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. मार्गदर्शकांनी माझा नवा अध्याय वाचून भुवया उंचावल्या. एका निवृत्त माणसाची कबुली आणि एका बाईची आठवण हा पुरावा कसा, असं त्यांचं म्हणणं. मूळ अहवाल हाही एका माणसाची कल्पनाच होती, मग तो पुरावा कसा, असं मी विचारलं. आमचं खूप बोलणं झालं. शेवटी अध्याय राहिला, पण लांबच लांब तळटीपेसकट. अण्णांनी खात्याला पत्र लिहून अहवालात दुरुस्ती मागितली. सहा महिन्यांनी उत्तर आलं की छापून झालेल्या कायमच्या दस्तऐवजात बदल करता येत नाही. त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं, मग आणखी एक. त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत ती पत्रं चालू होती. वर्षातून एकदा ते गौरव्वांकडे जात. सुरुवातीला एकटे, मग अक्कांना घेऊन. कादंबऱ्या वाचणं थांबलं नाही, पण लेखकांना जाब विचारण्यातली पूर्वीची मजा त्यांच्या बोलण्यातून गेली. प्रश्न तेच राहिले, विचारण्याचा आवाज बदलला.

त्या पहिल्या भेटीत आम्ही रात्री गौरव्वांच्या घरीच राहिलो. सकाळी निघायच्या आधी अण्णा म्हणाले, "मल्लप्पा खरं काय म्हणत होते, ते सांगा. मी लिहून देतो. तुमच्याजवळ राहू द्या, ह्या पोरीजवळ एक राहू द्या."

गौरव्वा म्हणाल्या, "मामा हो पण म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. मोजणीला जो येईल त्याला एकच विचारायचे, पाणी कुठवर येणार ते मला काठीनं दाखवा. कुणी दाखवलं नाही."

अण्णा लिहू लागले. मराठीत, सुंदर अक्षरात, पाऊण पान भरलं. मग त्यांनी वाचून दाखवलं. "गावाच्या वेशीवर उभे राहून मल्लप्पांनी विचारलं..."

"वेशीवर नव्हे," गौरव्वा म्हणाल्या. "गोठ्यात. शेण काढत होते."

अण्णांनी वेस खोडली.

"थरथरत्या आवाजात..."

"आवाज मोठा होता त्यांचा. मळ्यातनं हाक मारली तर घरात ऐकू यायची."

तेही खोडलं.

"डोळ्यांत पाणी..."

"रडले नाहीत."

अण्णांनी पेन थांबवलं आणि कागदाकडे पाहिलं. आपल्याच हाताची जुनी खोड त्यांना तिथे दिसली असावी. उरलेलं ते फार हळू वाचू लागले, जसं एखादा परक्याचं लिखाण वाचतो. शेवटचं वाक्य होतं, "त्यानंतर मल्लप्पा ह्या गावात अखेरपर्यंत एकटे राहिले."

गौरव्वा चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"एकटे कशानं? मी होते की."

अण्णांनी ते वाक्य खोडलं. खाली थोडी जागा उरली होती, तिथे त्यांनी लिहिलं, "त्यांच्याजवळ त्यांची सून गौरव्वा होती," आणि वर न बघता विचारलं, "हे बरोबर आहे?"

"हां," गौरव्वा म्हणाल्या. "आता परत पहिल्यापासनं वाचा."